घरात ज्यांचं नाव निघत नाही, त्यांच्या बायकामुलांचा माग जुन्या दप्तरांतून कसा काढायचा

वंशावळ मांडायला बसलं की एखाद्या चुलत आजोबांपाशी रेघ थांबते. विचारलं तर घरची मोठी माणसं ‘ते परागंदा झाले’, ‘डोक्यावर परिणाम झाला होता’, ‘आत होते’, ‘कर्जात बुडाले’ एवढं सांगतात आणि विषय बदलतात. त्यांना बायको होती का, मुलं होती का, ती पुढे कुठे गेली, हे कुणी सांगत नाही. माग काढायचा तो खरं तर या बायकामुलांचा, कारण त्यांचे नातू-पणतू आजही कुठेतरी असण्याची शक्यता आहे आणि ते तुमचे सख्खे भाऊबंद आहेत.

अशा माणसाने स्वतः फारसे कागद केलेले नसतात, त्यामुळे त्याचं नाव घेऊन कचेऱ्या पालथ्या घातल्या तरी हाती काही लागत नाही. पण तो गेला, अडकला किंवा आजारी पडला तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी कागद करावा लागला. बायकोने तलाठ्याकडे वर्दी दिली, भावाने कोर्टात अर्ज केला, मामाने भाच्याचं नाव शाळेत घातलं, सावकाराने गहाणखत नोंदवलं. शोध या कागदांचा घ्यायचा. खालची माहिती पुणे शहर आणि जिल्हा धरून दिली आहे. इतर जिल्ह्यांत दप्तरं अशीच असतात, फक्त ठिकाणं बदलतात.

आधी घरात काय विचारायचं

दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र पान द्या. पुरुषांपेक्षा सासरी गेलेल्या म्हाताऱ्या आत्या आणि आत्येबहिणी जास्त सांगतात, कारण माहेरची अब्रू झाकण्याचं ओझं त्यांच्यावर तेवढं नसतं. ‘काय झालं होतं?’ असा प्रश्न पहिल्यांदा विचारू नका. त्यांच्या बायकोला घरात काय म्हणायचे, ती कुठल्या गावची, शेवटचं कुणी कधी पाहिलं, हे विचारा. बायकोचं माहेर कळलं की निम्मं काम झालं.

पितृपक्षात त्यांचं श्राद्ध कोणत्या तिथीला घातलं जायचं, हेही विचारा. भाद्रपद वद्य चतुर्दशीला घालत असतील तर मृत्यू शस्त्राने, अपघाताने किंवा अशाच अनैसर्गिक कारणाने झाला, असं घरचे मानत होते. द्वादशीला असेल तर ते संन्यास घेऊन गेले असावेत. त्यांच्या बायकोचं श्राद्ध अविधवा नवमीला असेल तर ती नवऱ्याआधी गेली, किंवा निदान घरच्यांनी तिला सवाष्ण धरलं. नवरा बेपत्ता असताना या एका तिथीला फार अर्थ असतो. श्राद्ध मुळीच होत नसेल तर तेही वहीत लिहा.

नाव, गाव, साल

जुन्या कागदात आडनाव बहुधा नसतं. ‘रामचंद्र बिन गोविंद’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामचंद्र; ‘बिन’च्या जागी ‘वल्द’ही दिसतं. ‘सरस्वती कोम रामचंद्र’ म्हणजे रामचंद्राची बायको. ‘कोम’च्या जागी ‘भ्रतार’ किंवा ‘मर्द’ असू शकतं. घरातलं आप्पा, नाना, बापू हे नाव दप्तरात सापडणार नाही, म्हणून पाळण्यातलं नाव आधी काढा. सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी लागलेली असतात. एकाने ‘कुलकर्णी’ हे वतनाचं नाव ठेवलं आणि दुसऱ्याने गावावरून ‘-कर’ लावलं, असं नेहमी दिसतं. घर सोडून गेलेला माणूस तर आडनाव बदलण्याची शक्यता जास्त.

गावाचा तालुका तेव्हाचा धरा. आजच्या बारामती-दौंडकडची गावं जुन्या कागदात भीमथडी तालुक्याखाली सापडतात. शहरात वेताळ पेठ म्हणजे गुरुवार पेठ आणि गंज पेठ म्हणजे आजची महात्मा फुले पेठ. महापालिकेत नंतर आलेल्या गावांची जुनी दप्तरं ग्रामपंचायतीकडून क्षेत्रीय कार्यालयात गेली असतील, तर महसुली कागद तहसीललाच राहिले असतील. दोन्हीकडे विचारावं लागतं.

शके साल असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९). आपल्याकडचं फसली, म्हणजे महसुली, साल असेल तर ५९० मिळवा, आणि जानेवारीपासून ते फसली साल संपेपर्यंत ५९१. वहीत मूळ साल आणि इसवी सन दोन्ही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी आपलंच अक्षर आपल्याला फसवतं.

जमिनीचे कागद: इथे सर्वात जास्त वेळ द्या

माणूस नाहीसा झाला तरी त्याच्या नावची जमीन तिथेच असते आणि तिचं काहीतरी करावंच लागतं. म्हणून पहिला मुक्काम तहसील कचेरीचा अभिलेख कक्ष. शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर पुणे जिल्ह्यातले बरेच जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन केलेले आहेत, तिथे आधी पाहा. न सापडल्यास किंवा अक्षर लागत नसल्यास नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर आणि अंदाजे दहा वर्षांचा पट्टा द्या. ‘आमच्या पूर्वजांचे सर्व कागद’ असा अर्ज केला की तो बाजूला पडून राहतो.

क्रम असा ठेवा. आजच्या सातबारावरून गट नंबर घ्या, गटवारीच्या तक्त्यावरून जुना सर्व्हे नंबर काढा, मग सातबाराच्या जुन्या पानांवर नावांशेजारी वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि ते फेरफार एकेक करून मागे वाचत जा. फेरफाराची नोंदवही म्हणजे गाव नमुना ६. वारसांची वेगळी नोंद ६-क मध्ये असते. सातबाराच्या आधीच्या काळासाठी ‘कडई पत्रक’ मागा आणि भूमी अभिलेख कार्यालयात पक्काबुक व शेतवार पत्रक पाहा.

समजण्यासाठी रचलेला एक नमुना घेऊ:

‘रामचंद्र बिन गोविंद हे सुमारे ८ वर्षांपासून परागंदा असून ठावठिकाणा नाही. सबब त्यांचे हिश्शास मुलगा नामे दत्तात्रय, अज्ञान वय ५, अ. पा. क. मामा, रा. सासवड, यांचे नाव दाखल केले. वर्दी सरस्वती कोम रामचंद्र.’

चार ओळींत किती आहे पाहा. ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, सज्ञान न झालेल्या मुलाचा पालक. पालनकर्ता काका नसून मामा आहे, म्हणजे नवऱ्याच्या भावांशी पटत नव्हतं किंवा ती बाई मुलाला घेऊन माहेरी गेली होती. मामा सासवडचा, म्हणजे तिचं माहेर बहुधा तिथलंच, आणि पुढचा शोध सासवडच्या शाळेत. आता वयाकडे बघा. बाप ८ वर्षं नाही आणि मुलगा ५ वर्षांचा. घाईने वाईट निष्कर्ष काढू नका. १८७२च्या पुरावा कायद्यानुसार ७ वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं गृहीत धरता येई, म्हणून वर्दीत काळ ७ च्या पुढे ओढून सांगितला जात असे. मुलाचं वयही अंदाजाने टाकलेलं असे. शिवाय माणूस मधे एकदा घरी येऊन परत गेलेला असू शकतो. जन्माची नोंद सापडेपर्यंत तिन्ही शक्यता वहीत राहू द्या.

फेरफारात आणखी काही शब्द अडवतात. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे शब्द मोठ्या भावाच्या नावापुढे असतील तर धाकट्यांची नावं सातबारावर नसतात. ती नव्हती म्हणून धाकटे भाऊच नव्हते, असं समजू नका. ‘लाऔलाद मयत’ म्हणजे निपुत्रिक वारला. पण ही वर्दी ज्या भावाने दिली त्याचा त्यात फायदा होता का, ते पाहा. मुली असूनही लाऔलाद लिहिलं गेल्याचं सर्रास दिसतं, कारण १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगे किंवा विधवा असल्या की मुलींचं नाव लागायचं काही कारणच नव्हतं. दोन बायका असतील तर गोंधळू नका. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा होईपर्यंत दुसरं लग्न कायदेशीर होतं, आणि दोन्ही घरची मुलं वारस म्हणून येतात.

कुळकायद्याच्या फायली फार थोडे लोक उघडतात. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कुळं जमिनीची मालक ठरली. मात्र मालक विधवा, अज्ञान किंवा मानसिक वा शारीरिक दुर्बलता असलेला असेल तर खरेदी पुढे ढकलली जाई. त्यामुळे कुळकायद्याच्या कलम ३२-ग च्या चौकशीत ‘मालक कोण, जिवंत आहे का, कोणत्या अवस्थेत आहे’ हे जबाबासकट नोंदवावं लागे. जो माणूस वेडसर म्हणून घरच्यांनी लपवला, त्याच्याबद्दल त्याच्याच बायकोचा अंगठ्यासह जबाब इथे मिळू शकतो. फेरफारात ‘३२-ग’ दिसलं की तहसीलच्या शेतजमीन न्यायाधिकरणाची ती फाईल नक्की मागा.

पेठेतल्या वाड्यासाठी नगर भूमापन कार्यालयात प्रॉपर्टी कार्डाबरोबर ‘चौकशी नोंदवही’ची नक्कल घ्या. मिळकत कुणाकडून, कशी आली हे तिच्यात लिहिलेलं असतं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांचे कागद गेले. ज्यांच्या घरी काही उरलं नाही त्यांना या सरकारी प्रतींचाच आधार.

कर्ज: सब-रजिस्ट्रारची दप्तरं

कर्जबाजारी माणसाचा माग गहाणखत आणि मुदत खरेदीच्या (पैसे फेडले की मिळकत परत, अशा अटीच्या खरेदीच्या) दस्तांतून निघतो. दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक १ मध्ये स्थावराचे दस्त असतात. शुल्क भरून ते आणि त्याची सूची कुणीही पाहू शकतो. सूची १ नावांची, सूची २ मिळकतीची. मृत्युपत्रं पुस्तक ३ मध्ये असतात आणि ती करणाऱ्याच्या मृत्यूनंतर शुल्क भरून मागता येतात. पुस्तक ४ मधल्या इतर दस्तांची नक्कल मात्र त्या दस्तातल्या पक्षकारांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींनाच मिळते, तेव्हा तिथे वारस असल्याचा पुरावा घेऊन जा. दस्ताच्या शेवटची साक्षीदारांची नावं जरूर उतरवा. अडचणीतला माणूस साक्षीला बहुतेक मेहुण्याला किंवा साडूला नेतो.

१८७५ मध्ये सुप्याला सावकारांचे रोखे जाळले गेले आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्यानंतरच्या काळात पुणे जिल्ह्यात शेतकरी-सावकार दाव्यांचे कागद पुष्कळ मिळतात. वर्तमानपत्रांचा उपयोगही इथेच: नादारीच्या जाहीर नोटिसा सरकारी राजपत्रात येत, आणि ‘अमक्याशी कुणी व्यवहार करू नये’ अशी भावाने दिलेली नोटीस ‘ज्ञानप्रकाश’ किंवा ‘केसरी’च्या शेवटच्या पानांवर सापडू शकते. पण फेरफारातून तारीख हाती आल्याशिवाय वर्तमानपत्रं चाळायला बसू नका, महिने जातात.

कोर्ट

शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात तीन प्रकारचे अर्ज शोधा.

पहिला, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा. अज्ञान मुलाचे जवळचे नातेवाईक कोण आणि ते कुठे राहतात, हे या अर्जात लिहावंच लागतं. एका कागदावर तीन पिढ्या मिळायच्या त्या इथे. दुसरा, वारस दाखल्याचा किंवा उत्तराधिकार प्रमाणपत्राचा. त्यातही मयताच्या कुटुंबाची नावं व ठिकाणं असतात, आणि हरकतीला कोण उभं राहिलं यावरून घरातली फूट कळते. तिसरा, १९१२ च्या कायद्याखाली वेडसर ठरवून त्याच्या मिळकतीवर व्यवस्थापक नेमण्याचा. दवाखान्याची फाईल मिळत नाही तेव्हा ही फाईल तिची जागा भरून काढते, कारण नातेवाइकांचे जबाब तिच्यात असतात.

पक्षकार नसलेल्याला नक्कल मागताना कारण द्यावं लागतं. ‘कौटुंबिक इतिहास’ असं मोघम लिहिण्याऐवजी नातं दाखवणारा वंशवेल शपथपत्रासह जोडा. जुन्या दाव्यांतले जबाब आणि किरकोळ कागद मुदतीनंतर नष्ट होतात, निकाल जास्त टिकतो. म्हणून आधी रजिस्टरमध्ये दाव्याचा क्रमांक आणि वर्ष शोधा, मग निकाल मागा. खटला उच्च न्यायालयापर्यंत गेला असेल तर तो छापील निकालमालिकांत आला आहे का, ते विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पाहा.

तुरुंग

येरवड्याचा तुरुंग १८७१ चा. कैद्यांच्या आणि कच्च्या कैद्यांच्या नोंदवह्यांतून नाव, वय, गाव, शिक्षा आणि सुटकेची तारीख मिळू शकते. तोंडी विचारून इथे काही मिळत नाही, माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात कलम ८(३) चा उल्लेख करा. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती देताना ‘वैयक्तिक माहिती’ हे कारण पुढे करता येत नाही. हे न लिहिल्यामुळे कित्येक अर्ज विनाकारण नाकारले जातात. ‘नोंदवही नष्ट केली’ असं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या आदेशाची प्रत मागा. पुष्कळदा तेवढ्यावर नोंदवही सापडते.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. जुन्या पोलिस नोंदींत ‘गुन्हेगार’ हा शब्द दिसला म्हणून त्या माणसाने काही केलं होतं, असं धरू नका. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे १९११ मध्ये मुंबई प्रांतालाही लागू झाला आणि त्यात अख्ख्या जमाती जन्मावरूनच यादीत टाकल्या गेल्या. हजेरी न दिल्याबद्दलची शिक्षाही तुरुंगाच्या वहीत इतर शिक्षांसारखीच दिसते. कलम कोणतं, हे वाचल्याशिवाय घरात काही बोलू नका.

बायकामुलं कुठे गेली

आता हाती सासवडसारखं एखादं गाव आलेलं असेल. तिथल्या सर्वात जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर पाहा. मुख्याध्यापकांना आधी लेखी अर्ज द्या, आणि रजिस्टर शाळेतच बसून पाहायची तयारी ठेवा. पालकाचं नाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण हे रकाने सोडू नका. ‘मुंबईस गेला’ एवढे दोन शब्द पुढची दहा वर्षं उलगडतात.

गावचं कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव बहुधा नसतं, फक्त बापाचं नाव आणि मुलगा की मुलगी एवढंच असतं. त्यामुळे तारखांवरून जुळवावं लागतं. मृत्यूचं कारण लिहिलेलं असतं: ‘पटकी’ म्हणजे कॉलरा, ‘मानमोडी’ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. शहरातल्या नोंदी महापालिकेकडे, पण लष्कर भागाच्या पुणे कॅन्टोन्मेंटकडे आणि खडकीच्या खडकी कॅन्टोन्मेंटकडे वेगळ्या. १९६९ च्या कायद्यानुसार नोंदीचा शोध कुणीही मागू शकतो. मृत्यूच्या उताऱ्यावर मात्र कारण छापून मिळत नाही.

माहेरीही थारा मिळाला नाही असं दिसलं तर संस्थांकडे वळा. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८९० मध्ये पुण्यात आलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. कर्व्यांचा आश्रम १८९६ चा, १९०० पासून हिंगण्याला. सेवासदन १९०९ चं. अशा संस्थांना पत्र लिहिताना तिचं नाव, माहेरचं नाव, गाव आणि पाच वर्षांचा पट्टा द्या. धर्मांतर झालं असेल तर नाव बदललेलं असतं, ही शक्यता पत्रात मोकळेपणी मांडा.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या शेवटी पाहा. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराचे उपाध्ये कोण ते कळतं. वहीत आलेल्याने स्वतः नावं लिहिलेली असतात. घराने गाळलेला माणूस तिथे भावाच्या हातून सापडतो, कारण तीर्थावर भाऊ भावाचं नाव सहसा चुकवत नाही. दक्षिणा आधी ठरवा आणि फोटो काढायच्या आधी विचारा. छापील कुलवृत्तान्त असेल तर तो भारत इतिहास संशोधक मंडळाच्या ग्रंथालयात पाहा, पण त्यातल्या ‘निर्वंश’ शब्दावर फेरफाराशी ताडून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मोडी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गावची दप्तरं मोडीत सापडतात. स्वतः शिकणार असाल तर आकडे, महिने आणि ‘बिन’, ‘कोम’, ‘मयत’, ‘परागंदा’ हे शब्द आधी ओळखायला शिका. तेवढ्यावर हवं ते पान सापडतं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत, त्यामुळे नवख्याला ओळीत नाव कुठे सुरू झालं तेच कळत नाही. सापडलेलं पान जाणकाराकडून पूर्ण वाचून घ्या. फोटो सरळ वरून, सावली न पाडता काढा, आणि त्यासोबत वहीच्या मुखपृष्ठाचा व शेजारच्या दोन पानांचाही काढा. नुसत्या एका नोंदीचा फोटो असला की ती कोणत्या गावची, कोणत्या सालची हे नंतर सिद्ध करता येत नाही. पेशव्यांच्या काळापर्यंत मागे जायचं असेल तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आहे, पण इथल्या कामाला त्याची गरज क्वचितच पडते.

जुळवणी आणि पहिलं पत्र

एका गावात त्याच नावाचे तीन रामचंद्र बिन गोविंद असू शकतात. नाव, बापाचं नाव, गाव यांशिवाय चौथी खूण जुळल्याखेरीज नातं पक्कं धरू नका: बायकोचं नाव, सर्व्हे नंबर, मामाचं गाव, काहीही. ती खूण पहिल्या कागदावरून उतरवलेली नसावी, दुसऱ्या दप्तरातून आलेली हवी. वय पाच वर्षं इकडेतिकडे झालं तर चालतं.

वंशज सापडले की दाराशी थेट उभे राहू नका. पुण्याभोवती जमिनीचे भाव असे झाले आहेत की जुना सातबारा हातात घेऊन आलेला अनोळखी भाऊबंद हिस्सा मागायलाच आला, असं लोकांना वाटतं, आणि मग ते बोलत नाहीत. आधी साधं टपाल पाठवा. त्यात आपण कोण, पणजोबांचं नाव, नातं कसं लागतं, आणि मालमत्तेबद्दल आपलं काही मागणं नाही, हे स्पष्ट लिहा. तुरुंगाचा, दवाखान्याचा उल्लेख पहिल्या पत्रात नको. ती गोष्ट त्यांच्या घरी कशी सांगितली गेली आहे, ते आधी ऐकून घ्या. सातबाराची प्रत जोडू नका. जोडायचाच असेल तर वाड्याचा किंवा त्या पणजीचा एखादा जुना फोटो जोडा, तिच्या लेकरांकडे तो बहुधा नसतो. उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांनी एकच पत्र आणखी पाठवा, त्यानंतर नाही.